त्रिपादाच्या घरातलं बिऱ्हाड

मार्गशीर्ष शुद्ध ११, शके १८४९. बुलढाणा

परदेशगमन झालं! जालन्याहून देऊळगाव राजापर्यंत बैलगाडी — निजामाची हद्द संपली, इंग्रजांची लागली. करोडगिरीच्या नाक्यावर शिपायानं ट्रंक उपसली. पुस्तकांवर संशय, औषधांच्या बाटल्यांवर त्याहून जास्त. एक उघडून हुंगली आणि तोंड वाकडं करून आम्हाला सोडलं. पुढे मोटार. वाटेत हिला दोनदा उतरवून बसवावं लागलं.

समुद्र ओलांडला नाही तेव्हा प्रायश्चित्त नको, असं मी म्हटलं. ही हसली, मग बराच वेळ खोकली. हल्ली हिला हसणं महाग पडतं. हे कळतं, तरी माझी थट्टेची खोड जात नाही. नाव कोकिळा. त्यावरून पूर्वी पुष्कळ विनोद करायचो. तेवढे सोडले आहेत.

जालन्याचे डॉक्टर म्हणाले होते — उंचावरची कोरडी हवा, उघडी खिडकी, गाईचं दूध. हा हिवाळा निभावला तर पुढचं बोलू. हवा इथे फुकट आहे. खिडकी तेवढी भाड्यानं मिळवायची. तोवर धर्मशाळा.

मार्गशीर्ष शुद्ध १३

पहिलं घर एका पेन्शनर कारकुनाचं. त्यांनी मला अंगणातच उभं केलं.

"मोगलाईतले काय तुम्ही? मंग इकडं काऊन आले?"

सांगितलं — जालन्यात संस्कृत शिकवत होतो, आता पुण्याच्या एका साप्ताहिकाला इकडची बातमीपत्रं लिहीन. साप्ताहिक ऐकून गृहस्थ एक पायरी वर चढले. पेपरवाल्याला घर दिलं की मागोमाग पोलीस येतात, असं त्यांचं मत. संस्कृताबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. उपयोगही नव्हता.

मार्गशीर्ष पौर्णिमा

इंद्रभान शेटजींच्या माडीवरची खोली. पश्चिमेला खिडकी, खाली सगळी दरी. बोलणी पक्की झाली होती. आज हिला दाखवायला नेलं आणि जिन्यातच हिला उबळ आली. शेटजींनी ती ऐकून घेतली. मग त्यांना एकाएकी आठवलं की भाचा येणार आहे शिकायला.

कालच्या घरीही भाचाच येणार होता. परवाच्या दुसऱ्या घरी मेहुणीचा मुलगा. बुलढाण्यात यंदा भाच्यांचं पीक उत्तम — पहिलं बातमीपत्र हेच धाडावं.

परतताना ही म्हणाली, मी आले नसते तर मिळालं असतं. मी म्हटलं, खोली अंधारी होती. पण खिडकी हिनं पाहिली होती.

मार्गशीर्ष वद्य २

धर्मशाळेच्या पुजाऱ्यानं मुक्काम किती ते विचारलं. फार सौम्यपणे. शेजारच्या ओवरीतली मंडळी आपली वळकटी उचलून पार टोकाला गेली आहेत.

मार्गशीर्ष वद्य ५

घर मिळालं!

गावाच्या कडेला, दोन खोल्या, ओटा, मागे मोठी खिडकी. बंद होतं. कडीत बाभळीचे काटे खोवलेले. मी लगेच ओळखलं — त्रिपाद! वाईट नक्षत्रावर घरातलं माणूस गेलं की घर सहा महिने सोडतात. पोथीत वाचलं होतं, काटे प्रथमच पाहिले.

मालकीण गीताबाई. यजमान पुनर्वसूवर गेले म्हणून सगळे मळ्यातल्या झोपडीत राहायला गेले. तिथे थोरला मुलगाही पाठोपाठ गेला. आता धाकटा रंगराव आणि त्याची बायको.

खोकल्याचं मी आधीच सांगून टाकलं. लपवून लपवून दमलो होतो. बाई हिच्याकडे पाहत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "शास्त्रीबुवा, हा दोष माणसाच्या मांगं मांगं येते, का घरातच राह्यते?"

मला घर हवं होतं. ग्रंथांत दोन्ही बाजूंची वचनं निघतात. मी सोयीचं काढलं. दोष वास्तूचा, म्हटलं. माणसाच्या मागे हिंडत नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं, या खेपेला संस्कृतात.

कौलं पाहायला शिडीनं वर गेलो. ही खाली ओट्यावर त्यांच्याजवळ बसली होती. उतरलो तेव्हा दोघी गप्प. गीताबाई एवढंच म्हणाल्या, "काटे रंगराव काढून देईन. या राहाले."

भाडं अगदी नावापुरतं. विद्येची कदर शेवटी वऱ्हाडात झाली म्हणायची!

मार्गशीर्ष वद्य ६

बिऱ्हाड लावलं. ट्रंक, दोन पातेली, पोथ्या. ही खिडकीशी.

पौष शुद्ध ४

गीताबाई रोज मळ्यातून गाईचं दूध आणतात. हिची वेणी घालतात. दारातूनच विचारतात, "आज कसं हाय बाईले?" अशी मालकीण मी पाहिली नाही. साऱ्या गावानं दार लावलं आणि ही बाई आजाऱ्याच्या उशाशी बसते! हिला म्हटलं, तुझ्या नवऱ्याच्या एका वचनाचा हा प्रताप. ही म्हणाली, हो तर.

पौष शुद्ध ९

रक्त पडलं. थोडंच, म्हणते. फडकं मी पाहायच्या आत गीताबाईंनी धुऊन टाकलं.

पौष पौर्णिमा

आज बरी. उन्हात बसली, माझ्या बातमीपत्रातल्या चुका काढल्या. गीताबाईंची सून आली होती. दिवस भरत आलेले, चालताना कमरेवर हात. तिनं लांबूनच हिला नमस्कार केला, अगदी वाकून. एवढं अवघडलेलं असताना कशाला, असं मी म्हणालो. ती रडायला लागली. बाळंतपण जवळ आलं की बायका हळव्या होतात.

पौष वद्य ३

बाजारात वैजनाथबुवा उपाध्ये भेटले. गीताबाईंच्या घरचं सगळं तेच करतात. मला बाजूला घेऊन म्हणाले, "शास्त्री, तुम्ही जाणते. मग त्या घरात आजारी बायको घेऊन कसे गेलात?"

मी हसण्यावारी नेलं. ते हसले नाहीत. त्रिपाद तिघांना नेतो, म्हणाले. दोघे गेले. तिसरा कोण — रंगराव, सून, का तिच्या पोटातलं — या धास्तीनं गीताबाईंनी झोप टाकली होती. तुमचं बिऱ्हाड आल्यापासून त्यांना झोप लागते.

मी तिथेच पारावर बसलो. त्रिपाद काय, हे मला कुणी शिकवायला नको होतं. तिघांचं वचन मला पाठ आहे. पण ती पोथीतली गोष्ट. कुणी जितंजागतं माणूस आकडा पुरा व्हायची वाट पाहत असेल, हे मनातही आलं नाही. मी विद्येचा मान समजलो! दोष घरातच राहतो, हेही मीच सांगितलं. संस्कृतात.

उद्या सकाळी गाडी सांगितली आहे. कुठे जायचं ते ठरलेलं नाही. हिला सांगितलं, छप्पर गळतं. पौषात! दुसरं काही सुचलं नाही.

पौष वद्य ४

गाडी दाराशी आली. ही खिडकीशीच बसून राहिली. वैजनाथबुवा काय म्हणाले ते शेवटी सांगावं लागलं.

"तुम्ही कौलं बघत होता तेव्हाच गीताबाईंनी मला सगळं सांगितलं," ही म्हणाली. "म्हणाल्या, बाई, तुले पटते तं राहा, नाही तं नको. हातात हात धरून म्हणाल्या."

मी गाडीवानाला ट्रंक उचलायला सांगितलं.

"तुमचा तर असल्या गोष्टींवर विश्वास नाही. मग घाबरता कशाला?"

मी पोथ्यांचं गाठोडं बांधायला घेतलं.

"साऱ्या गावाला माझा खोकला नको होता. त्या बाईच्या तो कामाचा निघाला. आपल्याला मूल झालं नाही, तिच्या सुनेला होऊ दे. मी हो म्हटलंय." दम घेतला. "गाडीवानाला चहा द्या. थंडीचा आलाय."

दिला. गाडी रिकामी परत गेली.