पूनमला आणायची गाडी

आश्विन शु. ५, शुक्रवार

अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी येत होतो. टाकाळ्याच्या अलीकडे अंबाबाईची पालखी समोरून आली, त्र्यंबोलीला निघालेली. ठरवून गेलो असतो तर गर्दीत एवढ्या जवळून दर्शन झालं नसतं. पोलिसांच्या शिट्ट्या, रेटारेटी, आणि मधेच एक क्षण सगळं शांत. डोळ्यांत पाणी आलं. लेकीसाठी, पूनमसाठी मागितलं. आठवा लागलाय तिला. दुसरं काही मागायचं सुचलंच नाही.

आश्विन शु. ६, शनिवार

मी आणि सौ. पहाटेच निघून आजऱ्याला. पूनमला घेऊन गडहिंग्लजला सोनोग्राफी केली आणि परत सासरी सोडली. बाळ ठीक. तिचं बीपी जरा वर. डॉक्टर म्हणाले, बाळंतपणाला कोल्हापूरला न्यायचं तर लवकर न्या, पण धक्के नकोत. आमच्या गाडीची मधली सीट पडते, तिथे झोपवून नेता येईल.

विहीणबाई म्हणाल्या, "घट उठल्याशिवाय सून माहेरी जात न्हाय आमच्यात. दसरा झाला की दुसऱ्या दिवशी न्या." म्हणजे गुरुवार. मलाही ते पटलं.

गाडीत आवाज येतोय. गडहिंग्लजच्या बाजारात पहिल्यांदा ऐकला. टक. मग काही नाही. मग टक-टक-टक. वेग वाढला की गप्प होतो. पूनमनं मागून विचारलं, "पप्पा, काय वाजतंय?" म्हटलं, जॅक हलत असेल.

दारात गाडी वळवताना विहीणबाईंनाही ऐकू गेला. "पावणं, ह्यातनंच न्हेणार व्हय लेकीला? आमच्या काजूच्या मशिनगत वाजतीया की!" सगळे हसले. मीही हसलो. सौ. हसली नाही.

आश्विन शु. ७, रविवार

अमितला सकाळी लवकर उठवून गाडी रिकामी केली. जॅक, पाना, दोन कॅन, सौ.चा स्टीलचा डबा, गेल्या पावसाळ्यात हरवलेली छत्री. रिकामी गाडी गल्लीतून फिरवली. टक.

जॅकचा संबंध नाही.

मग मी चालवायला, अमित शेजारी, सौ. मागे, असे तीन फेरे मारले. अमित म्हणतो खालून येतो. सौ. म्हणते मागून. मला स्पष्ट पुढून, डावीकडून. सौ.ला म्हटलं, तू मागे बसलीस म्हणून तुला मागून वाटतंय. ती म्हणाली, "आणि तुम्ही पुढं बसलाय म्हणून पुढनं." अमित फिस्सकन हसला.

त्या हसण्यावरून माझा तोल गेला. त्याला म्हटलं, गेल्या आठवड्यात मित्र कोंबून पन्हाळ्यावर गेलास, तेव्हाच आदळली असणार कुठेतरी.

"पप्पा, तवा वाजत न्हवती."

"गाणी लावून चालवतोस, तुला काय ऐकू येणार?"

एवढ्यावर थांबलो असतो तर बरं. बहिणीच्या जिवाची फिकीर नाही तुला, असंही म्हणालो. तेवीस वर्षांचा मुलगा, मान खाली घालून छत्रीची काडी वाकवत उभा राहिला. दुपारी जेवला नाही.

संध्याकाळी जपाला बसलो. माळ हातात, कान रस्त्यावरच्या गाड्यांकडे. शंभरावर दोनदा चुकलो.

आश्विन शु. ८, सोमवार

सुट्टी टाकून उद्यमनगरात, नजीरमिस्त्रींकडे. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी सगळ्या कोल्हापूरला गाडी ठणठणीत हवी असते. माझा नंबर दुपारी लागला.

"कुठनं वाजतीया, भाऊ?"

"पुढून. डावीकडून." अगदी ठाम सांगितलं.

ते स्वतः एक चक्कर मारून आले. कान खाजवत म्हणाले, "मला जरा लांबनं आल्यागत वाटतंय. पर रोज तुमी चालवताय, तुमाला जास्त कळणार." पुढचा लिंक रॉड थोडा ढिला निघाला. बदलला. मी समाधानानं निघालो. पहिल्याच स्पीडब्रेकरला, टक.

संध्याकाळी पूनमचा फोन. पाय सुजलेत, बीपी वरचं दीडशे. डॉक्टरांनी गोळी दिलीय, आणि गुरुवारच्या पुढे एक दिवससुद्धा थांबू नका म्हणालेत. फोन ठेवताना, "पप्पा, आवाज सापडला?"

म्हटलं, सापडेल.

भाड्याच्या गाड्यांसाठी तीन ठिकाणी फोन केले. दसऱ्याच्या भेटीगाठी, सगळ्या शनिवारपर्यंत ठरलेल्या. सौ. स्वयंपाकघरातून ऐकत होती. भांडी जोरात ठेवली.

आश्विन शु. ९, मंगळवार. दुपार

सकाळी नजीरमिस्त्रींना फोन केला, की आवाज तसाच आहे.

"भाऊ, हत्यारं पाटावर बसली. उद्या सोनं लुटल्याबिगर पान्याला हात लावत न्हाय मी. वस्तादांची रीत हाय आमच्या." त्यांचे वस्ताद हिंदू, जाऊन पंधरा-वीस वर्षं झाली असतील. नजीरमिस्त्री नवमीला अजून त्यांचा फोटो मांडून हत्यारं पुजतात. अशा माणसाला, मोडा रीत, कसं म्हणायचं? मी स्वतः सकाळी आमचा जॅक आणि पाना पाटावर ठेवून हळदकुंकू वाहिलं होतं.

गाडीची पूजा तरी करू म्हणून धुवायला घेतली. मागच्या डाव्या चाकावरच्या प्लॅस्टिकच्या टोपीत चिखल बसला होता. धुवायला म्हणून ओढून काढली.

आतून दोन नट फरशीवर पडले.

चाकावर पाचांतले तीन. त्यातला एक बोटानं फिरला.

बादली भरून वाहायला लागली, नळ बंद केला. मग घरात गेलो आणि ही वही काढली. शुक्रवारचं पान. पालखी, दर्शन, डोळ्यांत पाणी. पंक्चरचं अक्षर नाही. लिहावं असं वाटलंच नव्हतं मला.

आता लिहितो. शुक्रवारी टाकाळ्याच्या अलीकडे मागचं डावं चाक बसलं. कडेला घेऊन स्टेपनी चढवली. पाचही नट हातानं लावले, दोन पान्यानं आवळले. तिसऱ्याला पाना लावला आणि तुतारी ऐकू आली. पाना खाली ठेवला. हात पुसले. उभा राहिलो. पालखी गेली आणि मागून पोलीस ओरडला, "ओ, गाडी काढा! हितंच मुक्काम करताय काय?" जॅक उतरवला, टोपी दाबून बसवली, निघालो. वाटेत पंक्चर काढून जुनं चाक मागे टाकलं. घरी कोणाला सांगितलं नाही, सांगण्यासारखं काय होतं त्यात. मनात तेवढं दर्शन भरून राहिलेलं.

शनिवारी त्याच चाकावर आजरा. उत्तूरचा उतार. गडहिंग्लज. पूनम डावीकडे बसली होती.

इथे लिहायचं थांबलो होतो. सौ. दारात आली, फरशीवरचे नट बघितले, चाक बघितलं. पाटावरचा पाना तिनंच उचलला, पदरानं कुंकू पुसलं आणि माझ्यापुढे धरला. "आवळा आधी. देवीला मी सांगते काय सांगायचं ते." कसं झालं हे तिनं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

मंगळवार. संध्याकाळ

ढिला नट आवळला, चौथा आवळला. पाचवा चढेना. बोल्टाचे आटे झिजलेले. अमितला बरोबर घेऊन अगदी हळू, कडेकडेनं नजीरमिस्त्रींकडे. गॅरेजला झेंडूचे हार, पाटावर हत्यारं, मागे वस्तादांचा फोटो. त्यांनी पेढा हातात ठेवला आणि चाकापाशी उकिडवे बसले. एकेक बोल्ट बोटानं चाचपला.

"हे चाक कुणी बसवलंतं?"

अमित माझ्याकडे बघत म्हणाला, "काढलंतं कधी?"

म्हटलं, शुक्रवारी पंक्चर झालं होतं.

"मग पंक्चरवाल्याचा कारभार," नजीरमिस्त्री म्हणाले. "सणाची घाई. टाकलं आणि सोडलं."

मी गप्प राहिलो. केलं ते एवढंच, गप्प राहिलो.

"कुठला? नाक्यावरचा म्हातारा?" अमितचा आवाज चढला. "बघतो त्याला. माझी बहीण बसलीती ह्या गाडीत!" तो रस्त्यावर गेला, रिक्षा थांबवली, एक पाय आत टाकलासुद्धा.  तेव्हा कुठे मी ओरडलो.

"अमित! चाक मी बसवलंय."

रिक्षावाला दोघांकडे बघत राहिला. अमित खाली उतरला. मी सगळं सांगितलं, पालखीसकट. सांगताना पालखीच्या आड लपतोय असं वाटत होतं, तरी सांगितलं.

नजीरमिस्त्री म्हणाले, "पालखी आली तर हात जोडणारच की माणूस. पर नंतर नट मोजायचं, भाऊ. पाचच असत्यात, पन्नास न्हाईत." मग पाटापुढे गेले, फोटोकडे बघून कानाला हात लावला. "वस्ताद, दोन जिवांचं काम हाय. रागवू नगा." हार बाजूला केला आणि पाना उचलला.

दोन बोल्ट नवे घातले. ड्रम, बेअरिंग, बाकीची तिन्ही चाकं तपासली. निघताना म्हणाले, "नवं बोल्ट बसत्यात जरा. आजऱ्याला पोचला की पोरीला बसवायच्या आधी परत एकदा आवळा. इसरू नगा."

येताना अमित खिडकीबाहेर बघत होता. गाडीत कसलाच आवाज नाही.

घरी आल्यावर सौ.ला सगळं सांगितलं. तिनं फक्त विचारलं, "शनिवारी आपण चाललोतो त्याच चाकावर?" आणि आत गेली.

आश्विन शु. १०, बुधवार

दसरा. अमितनं सोनं दिलं, पाया पडला. मी म्हटलं, रविवारी जे बोललो ते...

"असू दे."

जाता जाता वळला. "तुम्ही हाक मारली नसती तर मी म्हाताऱ्यावर हात टाकला असता, पप्पा. माझा बाप गप्प बसला म्हणून."

त्यानं दिलेलं सोनं या वहीत ठेवलं.

सौ. म्हणते, पूनमला यातलं काही कळता कामा नये. बीपी आधीच वर. मी म्हटलं, ती त्या गाडीत बसणार आहे, तिला माहीत असायला हवं. सौ. म्हणाली, "बाळंत झाल्यावर सांगा." मी म्हटलं, तेव्हा तिला काय निवडायचं राहील? "निवडायचं काय त्यात? दुसरी गाडी हाय का तुमच्याकडं?"

नाही.

देवीपुढे बसलो. पूनमसाठी मागायला तोंड उघडेना.

आश्विन शु. ११, गुरुवार. आजरा

विहीणबाईंच्या ओसरीवर बसून लिहितोय. आत पूनमची ओटी भरताहेत.

येताना गाडी अमितनं चालवली. वाटेत तीन वेळा थांबवायला लावली, तिन्ही वेळा चाकाला हात लावून बघितला. तो चिडला नाही. तिसऱ्यांदा तोच खाली उतरला.

इथे पोचल्यावर पाना घेऊन बसलो. पाचांतले चार जागचे हलले नाहीत. एक पाव फेरा फिरला. नवीन बोल्ट बसतो म्हणाले होते, तोच असेल. पुन्हा आवळला, पुन्हा मोजले. विहीणबाई चहा घेऊन आल्या. "आज वाजली न्हाय की तुमची गाडी! काय निघालं, पावणं?"

माझ्याआधी सौ. बोलली, "काय न्हाय, एक बोल्ट खराब झाल्ता. बदलला."

पूनम उंबऱ्यात उभी होती. पायांवर सूज, चेहरा ओढलेला. तिनं आईकडे बघितलंच नाही. माझ्या हातातल्या पान्याकडे बघत म्हणाली, "मग परत का आवळताय, पप्पा?"

"हात धुऊन येतो. सांगतो."

सौ. विहिरीपाशी मागोमाग आली. "तिच्या तोंडाकडं बघा आधी, मग काय सांगायचं ते सांगा." हात धुतले. साबण दोनदा लावला. मग इथे येऊन बसलो आणि वही उघडली.

अमितनं मधली सीट पाडून गादी घातलीय, दार उघडं धरलंय. पूनम बाहेर आली. एका हातात ओटी, दुसरा पोटावर. विहीणबाई म्हणताहेत, सावकाश उतर. ती दोन पायऱ्या उतरून थांबली आहे, आणि गाडीकडे न बघता माझ्याकडे बघतेय. वही मिटतो; आधी तिला सांगतो, मग गाडीचं दार लावू.