चाळीसच्या पुढची थरथर

११ फेब्रुवारी २०२५

केतकीला आज पतंगगाडीत बसवून मापं घेतली. बसवलं कसलं, पोरगी त्यात हरवलीच. ती कच्छमधल्या मांडवीच्या किनाऱ्यावर नोकरीला होती तेव्हा एका डच माणसाकडून घेतलेली गाडी. तो सहा फूट चार इंच, ही पाच फूट एक. तीन चाकं, मध्ये लोंबतं कापडी आसन. इंजिन नाही, ब्रेक नाही. हातात भला मोठा पतंग धरायचा, तो ओढतो — आणि पुढचं चाक दोन्ही पायांनी वळवायचं. तिचे पाय दांड्यांना पोचतात ते फक्त अंगठ्यांनी. कमरेच्या दोन्ही बाजूंना चार-चार बोटं जागा मोकळी. आणि या गाडीत बाईसाहेब ताशी साठने जाणार!

२९ आणि ३० मार्चला कच्छच्या रणात या गाड्यांचा मेळा आहे. हिचं नाव लागलं आहे. वर्षभर सौंसरच्या शाळेत पीटी घेऊन आली की संध्याकाळी पतंग घेऊन बाहेर. मी विचारलं, तिथे पहिली येशील का? म्हणाली, "नाही येत. पण साठवर गेली हे मले तरी समजन."

मी म्हटलं, जा. पण गाडी मी बसवून देणार, आणि आधी मी स्वतः पन्नासला चालवून पाहणार. तोवर तू वेगात न्यायची नाही. आयटीआयमध्ये एकतीस वर्षं माझा हाच नियम होता. ज्याने नट आवळला, त्याने मशीन आधी चालवायची. तिने मान डोलावली. मी पाच-तीन, म्हणजे तिच्या मापाच्या जवळचाच.

१५ फेब्रुवारी

मधला पाइप बारा सेंटिमीटर कापला, पुन्हा जोडला. आता तिचे तळवे पूर्ण टेकतात, गुडघे किंचित वाकलेले. आसनाचे पट्टे आवळले, दोन्ही बाजूंना फोम शिवून घेतला. वेल्डिंग माझ्या हातचं. सुंदर बसलं, स्वतःच म्हणतो.

आठ महिन्यांनी हाताला काम मिळालं. रिटायर झाल्यापासून दिवसातून तीनदा जाम नदीच्या पुलापर्यंत जातो आणि परत येतो. शकुंतला म्हणते, "या माणसाच्या पायाले भिंगरी हाय."

२० फेब्रुवारी

सौंसर रोडवर ते ले-आउट पडलं आहे ना — प्लॉट पाडले, मुरूम टाकून रोलर फिरवला, आणि कोणी बांधलं नाही — तिथे पहाटे चाचणी केली. मला पतंग उडवता येत नाही, म्हणून दोर. शेजारच्या वैभवची संत्र्याची पिकअप पुढे, वीस मीटर दोर, दोराच्या टोकाची दांडी माझ्या हातात. सोडली की सुटलो. केतकी पिकअपच्या मागे उभी राहून मोबाइलवर शूटिंग घेत होती. वैभव खिडकीतून वेग ओरडून सांगत होता.

तीसपर्यंत लोण्यासारखी. छत्तीसला पुढचं चाक थरथरायला लागलं. चाळीसला असं डावं-उजवं फटकारलं की मी दांडी सोडली आणि गाडी एका अंगावर जाऊन थांबली. कोपर सोललं.

वैभव धावत आला. "काका, तुमचं वय हाय का हे करायचं?"

वय नाही, भूमिती चुकली आहे. शोधतो.

२१ फेब्रुवारी

सापडत नाही. दिवसभर कुठे बसवत नाही.

२५ फेब्रुवारी

लोधीखेड्याला गेलो होतो, गुणवंता सुताराकडे. शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, छकड्या बांधण्यात त्याचा हात धरणारा आसपास कोणी नाही. बैल सुसाट सुटले तरी त्याची छकडी रेघेत जाते. गाडी वैभवच्या पिकअपमधून उतरवली तेव्हा त्याने तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, बिडी विझवली आणि खाली बसला.

"गुरुजी, हे मधात काहून कापली?"

मी सांगितलं, मुलीच्या मापासाठी.

"माप पोरीचं घ्या लागते, पण त्याच्यासाठी गाडी काहून कापता? आखूड गाडी नाचनच. तिले लांब राहू द्या, बसाची जागा पुढं सरकवा."

मग त्याने पुढचं चाक धरणारा चिमटा हाताने फिरवून पाहिला आणि नाक मुरडलं. बेरिंग फार आवळलं आहे म्हणे. चाकाला स्वतःहून सरळ यायला मोकळीक पाहिजे. मला राग आला. एकतीस वर्षं मी पोरांना शिकवलं की ढिलं म्हणजे चुकीचं. तरी मुकाट्याने ऐकून घेतलं, कारण तो बरोबर बोलत होता हे त्याने चिमटा फिरवला तेव्हाच कळलं होतं.

निघताना त्याला विचारलं, नवी छकडी झाली की आधी कोण बसतं? म्हणाला, "बांधन तो बसन. मोडलं त त्याचंच मोडलं पायजे." घरी येऊन केतकीला मुद्दाम ऐकवलं.

३ मार्च

कापलेला पाइप काढून नवा टाकला, मूळ लांबीपेक्षाही पाच सेंटिमीटर जास्त. पाय ठेवायच्या दांड्या मागे घेतल्या, आसन पुढे आणि दोन इंच खाली. मागचा अॅक्सल एकशे पाचचा एकशे तीस सेंटिमीटर केला. बेरिंग पाव आटा सैल. केतकी बसली आणि म्हणाली, "बाबा, आता हे माझी गाडी झाली." इतकं बरं वाटलं की दुपारी जेवण नीट गेलं नाही.

संध्याकाळी चाचणी. चाळीस पार! आणि बेचाळीसला परत तेच. आधीइतकं फटकारलं नाही, पण थरथर आहे. नक्की आहे.

रात्रीची वाट न पाहता तिथेच ले-आउटवर बसून तिने काढलेला व्हिडिओ चार वेळा पाहिला. चाक आधी डावीकडे हलतं, दर वेळी डावीकडे. काहीतरी डाव्या बाजूला वाकडं असणार.

६ मार्च

चिमटा बदलला. डाव्या बाजूला वायसर टाकला. त्रेचाळीस, थरथर.

केतकी म्हणाली, "बाबा, मी बसून पाहू का एकदा?" नाही म्हटलं. "दोराच्याच मागं. चाळीसवरच." नाही. "मंग मी जाऊ कवा?" आवाज चढला तिचा. माझाही चढला. म्हटलं, माझ्या हातची गाडी तुला घेऊन उलटली तर मी काय तोंड दाखवू, आणि कोणाला?

शकुंतला मध्ये पडली, ती दुसऱ्याच गोष्टीवर. "जेवताना तो पाय हलवू नका. ताट हालून राह्यलं." सवय आहे माझी, विचार करताना हलतो. तिला ते पस्तीस वर्षांत आजच दिसलं.

केतकी मात्र ताटाकडे बघत होती. जेवण अर्धं टाकून उठली.

९ मार्च

दिवसभर मुलताईला साडूकडे. तिथेही गाडीच डोक्यात. साडू म्हणे, "भाऊजी, तुम्ही बसले तरी चालून राह्यले."

१२ मार्च

पुढच्या पाइपात चार किलो शिसं ओतलं, वजन पुढे यावं म्हणून. त्रेचाळीस.

एक बरं झालं. केतकी आता "मी बसू का" म्हणत नाही. शाळेतून येते, माझ्याजवळ बसते, नट आवळायचे पाने हातात देते. काल म्हणाली, "बाबा, तुमाले थकवा येते का आजकाल?" मी म्हटलं, काम असलं की मला थकवा येत नाही. समजूतदार झाली आहे. भांडणाचा उपयोग झाला म्हणायचा.

१७ मार्च

मोटरसायकलचा जुना डँपर, हादरे शोषणारा, चिमट्याला बसवला. हा शेवटचा उपाय होता. पंचेचाळीस — आणि थरथर! मी उतरलो आणि पाना फेकला, तो प्लॉटच्या दगडाला लागून कुठे उडाला सापडला नाही. केतकी मुरमात वाकून पाना शोधत राहिली.

मला शरम वाटली. एकतीस वर्षांत कोणत्या मशीनपुढे हरलो नव्हतो. ही तर तीन चाकं आणि एक पाइप.

परतताना पिकअपमध्ये ती म्हणाली, "राहू द्या बाबा. पुढच्या वर्षी जाऊ."

आणि मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहून ठेवतो, कारण कोणाला सांगणार नाही. तिचं वर्ष गेलं आणि बापाला सुटल्यासारखं वाटलं.

२० मार्च

तिने नाव काढून घेतलं. फोनवर इंग्रजीत बोलली, हसून बोलली.

२९ मार्च

आज मेळा सुरू झाला असेल. इकडेही काय वारा सुटला होता, अंगणातली कपडे वाळत घालायची दोरी सारखी ताणलेली. केतकी पतंग घेऊन ले-आउटवर गेली. गाडी नेली नाही. मी मागून चालत गेलो, लांबच उभा राहिलो. नुसत्या टाचा रोवून उभी होती, पतंग तिला ओढत होता आणि ती जागची हलत नव्हती. अर्धा तास पाहिलं. मग पाहवेना, घरी आलो. शेडमध्ये गेलो, बाहेर आलो, परत गेलो.

मी तिला अडवलं. गाडीने नाही, मी.

३० मार्च

पाडवा. गुढी तिनेच उभारली. श्रीखंड सौंसरहून आणलं. कोणीच कच्छचं नाव काढलं नाही.

२ एप्रिल

वैभव दोर न्यायला आला. शेडमध्ये गाडीवर हात फिरवत म्हणाला, "काका, हे विकू नका बरं. ताईनं त्या दिवशी एकसष्टवर नेली. सुतासारखी सरळ."

कोणत्या दिवशी?

त्याचा चेहरा पडला. "तुमाले नाई सांगतलं?"

मोबाइल दाखवला त्याने. तारीख ९ मार्च, सकाळ. म्हणजे मी मुलताईला होतो तेव्हा. तेच ले-आउट, तीच पिकअप, तोच दोर. डँपर नाही, शिसं नाही, तिसऱ्या-सहाव्या तारखेला मी केली तशीच गाडी. शूटिंग वैभवकडच्या पोऱ्याने घेतलेलं. वैभव खिडकीतून वेग ओरडतो आहे — पन्नास, पंचावन्न, साठ — आणि केतकी बसली आहे ती जशी काही ओट्यावर बसली आहे. चाक दगडासारखं स्थिर.

अंगाचा तिळपापड झाला. नियम मोडला! माझ्या पाठीमागे! ती शाळेतून येईपर्यंत अंगणात येरझाऱ्या घातल्या. पण घालता घालता दुसरंच डोक्यात आलं. गाडी नऊ तारखेलाच तयार होती. मेळ्याला वीस दिवस होते. मग ही घरी का बसली? मला शिसं ओतू दिलं, डँपर बसवू दिला, पाने हातात देत राहिली!

दारातच विचारलं. नाकारलं नाही तिने. चप्पल काढली, बॅग ठेवली.

"बसली होती मी."

मग गेली का नाहीस?

"जातो म्हटलं असतं त तुम्ही विचारलं असतं, माझ्या हाती सरळ काहून चालते."

मग सांगायचं!

तिने माझ्याकडे नाही, खाली पाहिलं. "मले सांगता नाई आलं, बाबा." आणि आत गेली. शकुंतला चुलीपाशी — गॅस आला तरी ती चूलच म्हणते — पाठमोरी उभी होती, वळली नाही. म्हणजे तिलाही ठाऊक आहे. काय ठाऊक आहे?

३ एप्रिल

३ मार्चचा माझा व्हिडिओ पहाटे पुन्हा पाहिला. इतके दिवस चाक पाहत होतो. आज पाय पाहिला. एकतिसाव्या सेकंदाला माझा डावा पाय दांडीवर थरथरायला लागतो, आणि चाक त्याच्यानंतर. दर वेळी त्याच्यानंतर. आत्ताही लिहिताना टेबलाखाली तो हलतो आहे. हाताने दाबून धरला तरी थांबत नाही.

गाडी बरोबर होती. बापाला हे सांगण्यापेक्षा पोरीने कच्छ सोडणं पत्करलं.

सकाळी तिला म्हटलं, नागपूरला कोणत्या डॉक्टरकडे जायचं ते तूच ठरव. तिने सोमवारचा नंबर लावला आणि मग माझ्या पायाशी बसून रडली.