चादरीचं दुसरं टोक

ती. आत्यास,

भिंगरीचा साष्टांग नमस्कार. (पाठ धरली आहे, त्यामुळे आठांपैकी सहाच अंगं टेकवली. उरलेली दोन समक्ष भेटीत.) तुझा गुडघा कसा आहे? वाफेने शेकतेस की नुसतीच त्याला शिव्या देतेस? इस्त्रीची वायर बदललीस का? मागच्या खेपेला तिच्यातून ठिणगी उडाली, तेव्हा 'तिचा स्वभावच तसा आहे' म्हणून तू तिला पाठीशी घातलं होतंस. इकडे माझं सगळं क्षेम आहे, म्हणजे जेवण वेळेवर मिळतं आणि ज्या ठिकाणाहून मला हाकलून दिलं, तिथे परत जायची गरजही उरलेली नाही. फोन करणार होतो. पण फोनवर तू 'बरं बरं, ठेव आता, इस्त्री तापलीय' म्हणतेस. कागदाला ठेव म्हणता येत नाही, म्हणून हा खटाटोप.

तर मी सध्या नाटकात आहे. डोक्याला हात लावू नकोस. पावाच्या बेकरीत होतो, ती सुटली. मग एका ट्रकवाल्याच्या शेजारी बसून बरंच जग पाहिलं. आणि त्याच ट्रकमधून एका नाटक मंडळीचं सामान उतरवताना त्यांनी विचारलं, 'हातपाय हलवता येतात का?' मी म्हटलं, थांबवता येत नाहीत, हीच घरच्यांची तक्रार आहे. झालं, घेतलं मला. या मंडळीचं एक विचित्र आहे. त्यांच्याकडे नाटक लिहिलेलं नसतं. आधी सगळे मिळून हलतात, बोलतात, पडतात, आणि त्यातून नाटक उभं राहतं. (पडण्यातून उभं राहणं हे मला आवडलं. आपल्या घराण्यात पडल्यावर आधी 'कुणी ढकललं' ते शोधतात.) ही मंडळी ज्या चालवतात, त्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणतात. केस बारीक कापलेले, आवाज एवढा हळू की सगळ्यांना गप्प बसावंच लागतं.

या बाईंनी एक दिवस आम्हाला नव्या चित्रांच्या संग्रहालयात नेलं. म्हणाल्या, 'एकेकाने एका कलाकृतीसमोर बसायचं. ती तुम्हाला उठवेल तेव्हाच उठायचं. मग जे अंगात आलं ते करून दाखवायचं.' आमच्यातला एक मिशाळ नट आहे, त्याला आम्ही मिशाच म्हणतो. तो गंजक्या लोखंडी पाइपांच्या एका गुंत्यासमोर बसला आणि लगेच रडायला लागला. शिकलेला नट आहे, त्याला रडायला वेळ लागत नाही. मी मात्र भिरभिरत राहिलो. पांढऱ्या भिंतीवर तीन काळी भोकं दिसली, तिथे फोन चार्ज करावा म्हणून गेलो, तर ते चित्र निघालं. एका दालनात नुसता आवाज टांगलेला होता. दुसऱ्या दालनातल्या खुर्चीवर बसलो, ती मात्र खरीच खुर्ची होती. पण तिथल्या पहारेकऱ्याची होती. तो आला आणि म्हणाला, 'ऊठ बाबा, दिवसभरात एकदा टेकतो मी.' म्हणजे मला उठवलं ते पहारेकऱ्याने, कलाकृतीने नव्हे. तसं बाईंना सांगून भागणार नव्हतं.

आणि मग आत्या, एका कोपऱ्यातल्या दालनात मला ती दिसली. छतापासून जमिनीपर्यंत सोडलेलं पांढरं कापड. त्यावर चित्र नाही, रंग नाही, फक्त घडीच्या रेघा. उभ्या आडव्या, मऊ, नुकत्या उलगडल्यासारख्या. मी खाली बसलो आणि किती वेळ बसलो ते ठाऊक नाही. मला खळीचा वास यायला लागला. आपल्या लाँड्रीची मागची खोली आली, तो कढत वाफेचा ढग आला, नीळ लागून कायमची निळी झालेली तुझी नखं आली, बाबा शिट्टी वाजवत दोरीवरून चादरी ओढतायत ते आलं. लॉजच्या चादरी, दवाखान्याच्या चादरी, डोंगरच्या डोंगर. आणि तुम्ही दोघं भाऊबहीण समोरासमोर, हातात दोन दोन कोपरे. एक झटका, असा की खिडकीची काच वाजायची. मग ताण. मग अर्धी घडी. मग दोघांनी चालत एकमेकांजवळ यायचं, कोपरे तुझ्याकडून त्याच्याकडे, तू वाकून खालची घडी उचलायचीस, पुन्हा मागे, पुन्हा ताण, पुन्हा पुढे. मी मध्येच खालून पळायचो आणि तुम्ही चादर उंच धरायचात. एवढं मऊ छप्पर मला पुढे कुठल्याच गावात मिळालं नाही.

हे सगळं आठवत असताना (इथून पुढचं शांतपणे वाच) माझं लक्ष खालच्या कोपऱ्याकडे गेलं. तिथे एक सुरकुती होती. चांगली ठसठशीत, तिरकी, जणू कुणी ओल्या कापडावर इस्त्री फिरवताना मध्येच दार उघडायला गेलं. आता तुझ्या हाताखाली वाढलेल्या माणसाने काय करावं? मी तळहाताला वाफ दिली, म्हणजे तोंडाने हाऽ केलं, आणि दोन्ही हातांनी ती सुरकुती सपाट केली. लगेच भोंगा वाजला. पहारेकरी आपली एकुलती एक खुर्ची सोडून धावत आला. मागून चष्म्यातल्या एक अधिकारीणबाई. मी म्हटलं, 'अहो, घाबरू नका, निघाली सगळी.' त्या मटकन भिंतीला टेकल्या. ती सुरकुती मुद्दाम पाडलेली होती, आत्या. चित्रकाराने स्वतः येऊन, आठवडाभर खपून. तिचा विमा होता! माझं वय झालं एवढं, पण सुरकुती गेल्याचं दुःख मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. त्या वाकून वाकून बघत होत्या आणि म्हणत होत्या, 'सरळ केलीन हो, अगदी सरळ केलीन.' (तुला सांगतो, काम छान झालं होतं.) शेवटी चित्रकाराला फोन लागला. तो इतका हसला म्हणे, की पलीकडे त्याच्या हातून फोन खाली पडला. तो येऊन नवी सुरकुती पाडणार आहे. पण आमच्या अख्ख्या मंडळीला तिथे यायची बंदी झाली, आणि मिशाला पाइपांपासून अर्ध्या रडण्यात तोडून बाहेर काढावं लागलं. तो अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

मला वाटलं, आता बेकरी किंवा ट्रक. पण तालमीच्या हॉलवर आल्यावर बाईंनी विचारलं, 'हात का लावलास?' मी सांगायला लागलो तर म्हणाल्या, 'सांगू नकोस, कर.' हॉलमध्ये एक चादर होती, तिचं दुसरं टोक मिशाकडे दिलं. आत्या, ज्याला चादर घडी करता येत नाही अशा माणसावर जगाने एवढं प्रेम कसं केलं, मला कळत नाही. मी ताण दिला की तो सोडून द्यायचा. मी पुढे गेलो की तोही डोळे मिटून भलत्याच बाजूला. मध्येच थांबून विचारतो, 'माझं पात्र या चादरीकडून नेमकं काय मागतंय?' मी म्हटलं, 'कोपरा! कोपरा मागतंय, पकड तो!' बाई मात्र पुढे सरकून बसल्या. म्हणाल्या, 'आता ही दोघं भांडली आहेत असं धरा.'

धरायला कशाला हवं? मी तुमचं अबोल्याचं दालनच उघडलं. आठवतं? एकमेकांशी बोलायचं नाही, पण जोडचादर एकट्याने घडी होत नाही, म्हणून तुम्ही चादरीशी बोलायचात. तू म्हणायचीस, 'चादरे, काही लोकांना सांग, उशांच्या खोळी अजून ओल्या आहेत.' बाबा म्हणायचे, 'चादरे, काही लोकांना म्हणावं, डोळे असतील तर बघा, केव्हाच वाळल्यात.' 'चादरे, काही लोकांनी आज जेवण तसंच ठेवलंय.' 'चादरे, काही लोकांनी आधी मीठ बघून घालावं.' तोंडं दोन दिशांना, पण बोटं एकमेकांच्या बोटांत, कारण कोपरा द्यायचा तर दुसरं काय करणार? आणि तिसऱ्या चौथ्या चादरीला कुणीतरी हसायचंच. डोंगर संपायच्या आत अबोला संपायचा. मी हे सगळं करून दाखवलं तेव्हा हॉलमध्ये हसू हसू झालं. फक्त मिशा सोडून. या खेपेला तो खरंच रडत होता, कारण त्याला वेळ लागला.

बाईंनी विचारलं, 'शेवट काय झाला?' तिथे माझी गाडी अडली. मी सांगितलं की भावाने एक यंत्र आणलं, चादर आपोआप इस्त्री होऊन, घडी होऊन बाहेर पडते असं. बहीण म्हणाली, मग माझं काय काम? भाऊ म्हणाला, तुझ्याच गुडघ्यासाठी आणलंय. ते तिला ऐकूच आलं नाही, कारण यंत्र चालू होतं. मग भाऊ यंत्रासकट रस्त्याच्या त्या टोकाला गेला. (माझ्या मते, यात जास्त चूक बाबांचीच होती.) आता मधे चादरच नाही, तर बोलणार कुणाशी? बाई म्हणाल्या, 'मग?' मी म्हटलं, मग काही नाही. मागच्या खेपेला गेलो तर आत्या चादरीचं एक टोक दाराच्या कडीला अडकवून एकटीच घडी घालत होती. आणि रस्त्याच्या त्या टोकाला बाबा यंत्रासमोर उभे होते, घडी होऊन चादर बाहेर आली की अजूनही सवयीने दोन पावलं पुढे टाकत होते. हात रिकामेच, कोपरे घ्यायला काढलेले.

बाई म्हणाल्या, हा शेवट नाही, हा खोळंबा आहे. शेवट आण, नाहीतर तुझा भाग काढून मिशाचे पाइप लांबवते. मी एक शेवट करून पाहिला, त्यात दोघं गळ्यात पडतात. बाई म्हणाल्या, साबणाच्या जाहिरातीत खपेल. दुसऱ्यात मी यंत्र मोडलं, तर सगळ्यांना यंत्राचीच दया आली. शेवटी परवा मी सांगून टाकलं, शेवट मिळाला आहे, प्रयोगाच्या दिवशी दिसेल. बाईंनी होकार दिला. तेव्हापासून पाठ धरली आहे.

असो. पत्र फार लांबलं. गुडघ्याला जप, वायर बदल, आणि माझी काळजी करू नकोस, ती करायला आता बाई आहेत.

तुझाच,
भिंगरी

ता. क. खरं काम सांगायचं राहिलं. आपल्याकडची लॉजची ती निळ्या काठाची जाड चादर हवी आहे, कोपऱ्याला तू रफू केलेली. इथल्या चादरी झटकल्या तर आवाजच येत नाही, नुसता उसासा टाकतात.

ता. क. २ टपालाने पाठवू नकोस, तूच घेऊन ये. प्रयोगाची तारीख आणि पत्ता पाकिटातल्या कागदावर आहे. पुढच्या रांगेत तुझी जागा धरली आहे. नाटकाच्या शेवटी मी चादरीचं एक टोक हातात घेऊन खाली उतरेन आणि ते तुझ्या हातात देईन. एवढाच माझा शेवट. पुढचं मी लिहिलेलं नाही.

ता. क. ३ रांगेत खुर्च्या नाहीत, बाक आहे. दुसरं टोक ज्यांच्या हातात देणार आहे, ते तुझ्या शेजारी असतील. म्हणजे 'काही लोक' आले तर; हेच पत्र त्यांनाही आजच टाकतो आहे. त्यांच्या पत्रात तू कडीला चादर अडकवतेस तेही आहे. फक्त वर कंसात 'जास्त चूक बाबांचीच होती' असं लिहिलंय ना, ती चूक त्यांच्या पत्रात तुझ्या नावावर आहे. समजून घे.

ता. क. ४ आणि ऐक, चादर घडी घालून आणू नकोस. कडीला अडकवून तर मुळीच नाही. अशीच बोचक्यात कोंबून आण.