माहितीपुस्तिकेतली कविता

ब्रह्मा घाट, वाराणसी
१४ जून २०२५

चि. शरू हीस,
दादाचे अनेक आशीर्वाद.

सकाळपासून कानात तुझी पाटी वाजते आहे. शाळेत कविता पाठ करताना तू पाटीच्या लाकडी चौकटीवर बोटानं ठेका धरायचीस, दोन सावकाश, तीन भरभर. गुरुजी ओरडायचे, "शरदिनी, हा तबला नव्हे!" तू ठेका थांबवायचीस आणि त्याबरोबर कविताही विसरायचीस.

अक्षर वाकडं दिसलं तर लाईट गेली आहे असं समज. पुण्यात पाऊस सुरू झाला का? गुडघे काय म्हणतात?

बारावीचे निकाल लागल्यापासून मुलांची ये-जा आहे. मी निवृत्त होऊन जमाना झाला, तरी "आबा, आगे क्या लें?" विचारायला आमचाच जिना. माझी पद्धत हल्ली गल्लीत गाजते आहे. मी म्हणतो, कॉलेजच्या पुस्तिकेतले विषय मोठ्यानं वाच. जिथे आवाज उजळेल, तो तुझा विषय. खालच्या विष्णुभटांचा ओजस सगळं आरतीच्या घाईनं वाचत गेला आणि 'हॉटेल मॅनेजमेंट'पाशी असा विसावला की काय सांगू! विष्णुभट म्हणाले, "आबा, घरात पिढ्यान्‌पिढ्या वेद, आणि हा पराठे लाटणार?" मी म्हटलं, "श्राद्धाच्या वड्यांना चव तरी येईल." तेही हसले.

मग आपल्या मधुवंतीला बसवलं. तुझ्या पुण्याच्या कॉलेजात तिला भूशास्त्राची जागा मिळाली आहे, होकार महिनाअखेरपर्यंत कळवायचा आहे. अनिमेष आणि सूनबाई गेल्यापासून ही पोर माझ्याजवळ. पूर ओसरला की बालाजी घाटाच्या पायऱ्यांवरचा गाळ बोटानं उकरत बसायची. "आबा, यह वाला पिछले साल का है, याच्या खाली त्याच्या आधीचा." तिचा विषय मला तेव्हाच कळला होता. फक्त तिच्या आवाजात ऐकायचा होता.

तिनं सगळी नावं एका सुरात वाचली. स्टेशनवरच्या घोषणेसारखी. भूशास्त्र आलं आणि गेलं. मग म्हणाली, "मी इथेच बी.ए. करते, आबा. पुण्यात गंगा कुठे आहे?"

माझा कान तिला पुरता ठाऊक. म्हणून तिनं आवाज लपवला.

शरू, लाईट गेलेली नाही. पंखा फिरतो आहे. वर्षभरात दोन्ही डोळ्यांच्या मधोमध धुकं धरलं आहे. डॉक्टर म्हणतात, कडेचं राहील, मधलं परत येणार नाही. मुलांना मोठ्यानं वाचायला लावतो ते मला वाचता येत नाही म्हणून. लोक त्याला पद्धत म्हणतात. ही ओळही पट्टी धरून लिहितो आहे.

मधूला कळू द्यायचं नव्हतं. काल तिला म्हटलं, माझी काळजी सोड, माझं छान चाललं आहे, आण ते कवितांचं पुस्तक. तिनं हातात दिलं. मी चष्मा सारखा केला, पान उलटलं आणि चौथीतली आपली नदीची कविता घडाघडा वाचून दाखवली. मध्ये अडखळण्याचं नाटकसुद्धा केलं. ती शेवटपर्यंत ऐकत होती.

"छान वाचलंत, आबा," ती म्हणाली. "पण ही कॉलेजची पुस्तिका आहे."

तिनं पुस्तिका माझ्या हातातून काढून घेतली, मिटली, आणि चहा ठेवायला गेली.

अनिमेषचे दिवस उरकून जाताना तू म्हणाली होतीस, दादा, आता काशीत पाय ठेवायचं बळ नाही. मी तुला बोलावत नाही. एवढंच कर, तिला तुझ्याकडे बोलावून घे. माझं ती ऐकत नाही. ती गेल्यावर या घरात मोठ्यानं वाचणारं कुणी उरणार नाही हे मला कळतं. तरी तिनं इथे राहून माझ्यासाठी आयुष्यभर एका सुरात वाचावं, हे मला सोसणार

थांब. दार वाजतं आहे. मुलं तर कडी वाजवतात. हे कुणीतरी लाकडावर बोटानं, दोन सावकाश, तीन भरभर

मधू जिन्यावरून ओरडते आहे, "आबा, पत्र डाक में मत डालिए! मी फोन केला होता!"

शरू, गुडघे सांभाळ, वरची पायरी उंच आहे. पत्र हातातच देतो. मोठ्यानं वाचून दाखव. काय लिहिलं आहे, ते मला दिसत नाही.

तुझा
दादा