बॉनेट अजून तापलंय

रविवार, संध्याकाळ

गाडी गॅरेजात लावून बराच वेळ झाला, तरी बॉनेट तापलेलंच. मी इथंच बसलोय, वर घरात जावंसं वाटत नाही. चुलतभावासाठी मुलगी बघायला घोडेगावला गेल्तो. गाडी काकांची, चालवली मी. इमामपूरचा घाट काय चढली! लई भारी. तिथं मुलीच्या वडलांनी विचारलं, "हे कोण?" काका म्हणाले, "आमचा ड्रायव्हर हाय." सख्खा पुतण्या मी! ड्रायव्हर ठेवलाय असं दिसावं म्हणून? माझे पोहे बाहेर गाडीत आले. मी तरी ते का खाल्ले?

आत्ता काकांनी वरून हाक मारली, "येत्या रविवारी शिर्डीला जायचंय, येशील ना रे?"

नाही म्हणायचं ठरवलं होतं. हात बॉनेटवरच होता, अजून गरम.

"येतो," म्हणालो.