कडेगावची नळी

आबा,

कॉलेजात मी प्राणिशास्त्र घेतलं तवा तुमी म्हणाला होता, "बेडकं कापून कुणाचं पोट भरलंय?" तवापासनं आपलं बोलणं बंद हाय.

आता मी कराडला रक्त तपासायच्या लॅबमध्ये असती. दर महिन्याला कडेगावच्या दवाखान्याच्या पेटीतनं तुमच्या नावाची रक्ताची नळी येती. ती मी दुसऱ्या कुणाला तपासायला देत न्हाई. रिपोर्टवर सही डॉक्टरांची, म्हणून तुमाला ठाऊक न्हाई. दिवाळीनंतर साखर लय वाढली, तवा कळलं, घरी गोडधोड झालं.

ह्या महिन्यात नळी आलीच न्हाई. कडेगावला परत जाणाऱ्या रिकाम्या पेटीत हे पत्र दोनदा ठेवलं, दोनदा काढलं.

माझ्याशी बोलू नका, आबा. रक्त तेवढं तपासायला द्या.

तुमची,
क्रांती