दुसऱ्या कपातला चहा

रविवार, कर्वेनगर

लग्नाला वर्ष होत आलं, तरी सूनबाई घरात पाहुण्यासारखीच वावरते. कंपनीतून आली की खोलीचं दार बंद. माझंच काही चुकतंय का?

आज मुलगा गावाला गेलेला. तिनं कॉम्प्युटरवर खुनाच्या जुन्या सिनेमाची सीडी लावली आणि मलाही बोलावलं. मला भुताचे सिनेमे आवडतात, हे तिला ठाऊक. "आई, यात भूतच नाहीये, बोअर व्हाल."

भूत नव्हतंच. बायकोचा खून केलेला नवरा रोज दोन कप चहा ओततो आणि रिकाम्या खुर्चीला विचारतो, "साखर पुरे ना?" रक्ताचा थेंब नाही, तरी अंगावर काटा. आणि एके दिवशी तो दुसरा कप अर्धा झालेला! सूनबाईनं माझा दंड असा धरला की अजून ठणकतोय. तो कप डोळ्यांपुढून जातच नाही मेला.

मी स्वयंपाकाला उठले. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, माझ्यापाठी सूनबाई!

"घाबरलीस काय गं?"

"छे! पाणी प्यायला आले."

पाणी पिऊन ओट्याला टेकून उभीच राहिली. मग अमरावतीच्या आपल्या आईबद्दल बोलायला लागली, कशी रागावते, कशी हसवते. भाजी खाली लागल्याचा वास येत होता. तिचं बोलणं तुटेल म्हणून मी हलवली नाही.